पुन्हा तेच नाव

चिंचवडच्या प्राध्यापक रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहाबाहेर किंवा पिंपरीच्या आचार्य अत्रे रंगमंदिराबाहेर लागलेले नाटकांचे फलक तुम्ही पाहिलेच असतील. कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या नगरीत नाटकाची आवड काही थोडीथोडकी नाही. शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन जानेवारी २०२४ मध्ये येथेच भरले होते. या फलकांपैकी एखाद्यावर असे एक नाव असते, की ते वाचताच घरातील वडीलधारी मंडळी थबकतात आणि म्हणतात, "अरे, हे तर आम्ही लहानपणी पाहिले आहे!" नावाखाली बारीक अक्षरांत 'नव्या संचात' असे छापलेले असते. अशा वेळी एक प्रश्न मनात यावयास हवा. आजोबांनी पाहिलेले नाटक आणि रविवारी आपण पाहणार आहोत ते नाटक, ही दोन्ही एकच की निराळी? नाव एक आहे, तेवढ्यावरून वस्तूही एकच आहे असे समजावे काय?

हा प्रश्न रंगभूमीपुरताच आहे असे मात्र नाही. आकुर्डी-चाकणच्या रस्त्यावरही तो आपल्याला भेटतो. १९७२ साली बजाज कंपनीने 'चेतक' नावाची स्कूटर बाजारात आणली. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव मिळालेली ही गाडी पेट्रोलवर चाले, डाव्या हाताच्या मुठीने तिचे गिअर बदलावे लागत, आणि सकाळच्या वेळी ती रुसून बसली म्हणजे तिला एका अंगावर कलती करून मग किक मारावी लागे. पुढे मोटारसायकलींचा काळ आला आणि चेतकचे उत्पादन बंद पडले. मग सप्टेंबर २०१९ मध्ये चाकणच्या कारखान्यात चेतक याच नावाची, पण विजेवर चालणारी स्कूटर तयार होऊ लागली व जानेवारी २०२० मध्ये ती विक्रीस आली. अंग पत्र्याचे, वळणे जुन्या गाडीची आठवण करून देणारी. परंतु तिला ना पेट्रोल लागते, ना गिअर, ना किक. नाव परत आले, यंत्र परत आले नाही. तरीही ती शेजारून गेली, की जुन्या चेतकवर आयुष्य काढलेला एखादा गृहस्थ मान वळवून पाहतोच.

नाटके, चित्रपट आणि गोष्टी यांचेही असेच होते. जुनी कृती परत येते तेव्हा कधी तिचे शब्द परत येतात, कधी शब्द बदलून केवळ कथा परत येते, तर कधी नुसते नाव आणि एखादे पात्र. या साऱ्यांना सरसकट 'जुन्याचे नवे केले' असे म्हणून आपण मोकळे होतो. त्यामुळे ज्याने मूळ कृती निर्माण केली त्याचे श्रेय बुडते, आणि ज्याने तीत स्वतःची भर घातली त्याचेही.

यांपैकी पहिल्या प्रकाराला पुनरुज्जीवन म्हणतात. पुनरुज्जीवन म्हणजे पुन्हा जिवंत करणे. हा शब्द नाटकाला जितका शोभतो तितका दुसऱ्या कशालाच शोभत नाही. कारण नाटक ही मोठी नाशवंत वस्तू आहे. पुस्तक कपाटात राहते, चित्रपट रिळांत राहतो. नाटक मात्र तिसरी घंटा झाल्यापासून पडदा पडेपर्यंतच असते. मागे उरते ती संहिता, म्हणजे नाटककाराने लिहिलेले शब्द. पंचवीस-तीस वर्षे कोणी प्रयोगच केला नाही, तर एका संपूर्ण पिढीला ते नाटक केवळ ऐकीव राहते. अशा वेळी कोणी तीच संहिता हाती घेतो, नवे नट जमवतो, तालमी करतो आणि पडदा वर नेतो. हेच ते पुनरुज्जीवन. यात नट बदलतात, नेपथ्य बदलते, वेळेचे भान ठेवून काही प्रवेश कापले जातात; परंतु नाटककाराचे शब्द तेच राहतात.

'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकाची हकीकत या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी ते लिहिले आणि जितेंद्र अभिषेकी यांनी त्यास संगीत दिले. १९६७ च्या डिसेंबरात 'नाट्यसंपदा' या संस्थेने ते रंगमंचावर आणले. एका संस्थानातील दोन गायक घराण्यांच्या स्पर्धेची ही कथा आहे. राजगायकाला मिळणारी मानाची कट्यार, तिच्यासाठी पेटलेली ईर्षा, आणि वैऱ्याच्याच घराण्याचे गाणे शिकण्यासाठी धडपडणारा सदाशिव हा तरुण, असा तिचा विषय. खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका डॉ. वसंतराव देशपांडे करीत. त्यांची गायकी अशी काही होती, की ती भूमिका दुसऱ्या कोणी करावी हे पुष्कळ रसिकांना सहनच होत नसे. १९८३ साली वसंतराव निवर्तले. त्यांचे नातू राहुल हे तेव्हा चार वर्षांचेही नव्हते.

पुढे २०१० मध्ये याच राहुल देशपांडे यांनी खाँसाहेबांची भूमिका उभी केली. दिग्दर्शन सुबोध भावे यांचे होते, आणि सदाशिवाच्या भूमिकेत अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे होते. संहिता दारव्हेकरांची, चाली अभिषेकींच्या. तेव्हा ते नाटक 'तेच' होते. परंतु गळा नवा होता, आणि गाणे तर गळ्यातच राहते! ज्यांनी वसंतरावांना ऐकले होते त्यांच्या मनात क्षणोक्षणी तुलना होत असणार. ज्यांनी ऐकले नव्हते त्यांच्यासाठी तो पहिलाच प्रयोग होता. पुनरुज्जीवनाचे खरे मोल या दुसऱ्या प्रेक्षकाकडे पाहिले म्हणजे कळते.

त्याच सुमारास नट सुनील बर्वे यांनी आपल्या 'सुबक' या संस्थेतर्फे एक उपक्रम केला. पाच जुनी नाटके निवडून प्रत्येकाचे फक्त पंचवीस प्रयोग करावयाचे, असा त्याचा नियम होता. उपक्रमाला त्यांनी नाव दिले होते 'हर्बेरियम'. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी पाने-फुले वाळवून कागदावर चिकटवून ठेवतात, त्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. नाव कल्पक खरे, पण उपमा थोडी लंगडी आहे, असे मला वाटते. वाळलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. चांगला नट मिळाला तर जुने नाटक होते.

तुमच्या वयाच्या मुलांना अधिक परिचयाचे उदाहरण हवे असेल, तर 'अलबत्या गलबत्या' घ्या. रत्नाकर मतकरी यांचे हे बालनाट्य. पूर्वी त्यातील चेटकीण दिलीप प्रभावळकर रंगवीत. २०१८ मध्ये ते नव्याने रंगमंचावर आले, तेव्हा चेटकिणीचा झगा वैभव मांगले यांच्या अंगावर होता. आपले आई-वडील ज्या चेटकिणीला घाबरले तिलाच आपणही घाबरावे, यात काही निराळीच गंमत आहे.

मतकरींचेच 'आरण्यक' हे नाटक महाभारताच्या युद्धानंतरचे आहे. सारे संपल्यावर वृद्ध धृतराष्ट्र, गांधारी, कुंती आणि विदुर वनात जातात, तेथील ही कथा. १९७४ मध्ये ते प्रथम रंगमंचावर आले तेव्हा रवी पटवर्धन धृतराष्ट्र आणि दिलीप प्रभावळकर विदुर झाले होते. दोघेही तरुण होते. म्हातारपण त्यांना अभिनयाने आणावे लागले. चव्वेचाळीस वर्षांनी, २०१८ साली, मतकरींनी हे नाटक पुन्हा बसविले तेव्हा त्याच दोघांनी त्याच भूमिका केल्या. पटवर्धन आता ऐंशी ओलांडलेले होते. शब्द तेच होते आणि माणसेही तीच. दरम्यान त्यांचे वय मात्र पात्रांच्या वयाला येऊन मिळाले होते. मतकरी आणि पटवर्धन हे दोघेही २०२० साली कालवश झाले. दोन वर्षे उशीर झाला असता, तर हा योग पुन्हा आला नसता.

आता पुन्हा 'कट्यार'कडे वळू. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिचा चित्रपट आला. दिग्दर्शक सुबोध भावेच होते. म्हणजे ज्यांनी पाच वर्षांपूर्वी नाटकाचे पुनरुज्जीवन बसविले तेच. परंतु या वेळी काम निराळे होते. रंगमंचावर जे एका हवेलीच्या दिवाणखान्यात घडते ते कॅमेऱ्यासाठी नदीकाठी, दरबारात आणि डोंगरमाथ्यावर न्यावे लागते. संवाद नव्याने लिहावे लागतात. अभिषेकींच्या काही चाली ठेवल्या गेल्या आणि त्यांच्या शेजारी शंकर-एहसान-लॉय या संगीतकारांची नवी गाणी आली. खाँसाहेब म्हणून सचिन पिळगावकर पडद्यावर दिसले, गळा मात्र राहुल देशपांडे यांचा होता. कथा तीच आणि तिची मांडणी नवी, याला पुनर्निर्मिती म्हणतात. बोलताना आपण 'रिमेक' हा शब्द वापरतो. जाणकार मंडळी यातही भेद करतात: नाटकाचा चित्रपट झाला तर ते रूपांतर, आणि चित्रपटावरून पुन्हा चित्रपट केला तर तो खरा रिमेक. तो भेद योग्य आहे. परंतु दोन्हींत मूळ शब्द सुटतात आणि कथा हाती राहते, हे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

कथा हाती राहते खरी, पण ती नेहमी सगळीच्या सगळी राहते काय? नागराज मंजुळे यांचा 'सैराट' हा मराठी चित्रपट २०१६ मध्ये आला. सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याच्या परिसरात तो घडतो. मासेमारी करणाऱ्या घरातला परशा आणि गावातील बड्या पाटलाची मुलगी आर्ची यांची ती कथा. दोघांच्या मध्ये जी भिंत उभी आहे ती जातीची आहे, आणि ती भिंतच त्या चित्रपटाचा कणा आहे. २०१७ मध्ये या चित्रपटाची कानडी आवृत्ती निघाली, तीत नायिकेचे काम पुन्हा रिंकू राजगुरू यांनीच केले. २०१८ मध्ये 'धडक' या नावाने तो हिंदीत आला. करमाळ्याच्या जागी उदयपूर आले, पळून गेलेली मुले हैदराबादऐवजी कोलकात्यास पोहोचली. अजय-अतुल यांच्या काही चालीही तशाच आल्या. घटनांचा क्रम बराचसा तोच राहिला. परंतु जातीचा उल्लेख आता दबक्या आवाजात येऊ लागला, आणि भांडण राजकारणी बापाच्या प्रतिष्ठेचे वाटू लागले. प्रसंग सारे सोबत घेतले आणि ज्या दुःखापोटी ते प्रसंग जन्मले होते ते मात्र मागे राहिले. केवळ 'धडक' पाहणाऱ्याला काय राहून गेले याचा पत्ताही लागत नाही. म्हणून रिमेक पाहताना मूळ कृतीचे नाव ठाऊक असणे बरे.

हे नाव सांगणे कायद्यालाही महत्त्वाचे वाटते. आपल्या देशात १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर त्याचा व त्याच्या वारसांचा हक्क असतो. त्या मुदतीत कोणाला नाटक करावयाचे असेल, चित्रपट काढावयाचा असेल, तर परवानगी घ्यावी लागते. मुदत संपली म्हणजे लेखन सर्वांचे होते. 'मानापमान' हे नाटक लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली वारले. १९११ च्या त्या नाटकावरून २०२५ मध्ये चित्रपट निघाला, तेव्हा ते नाटक केव्हाच सर्वांच्या मालकीचे झालेले होते. अर्थात मालकी संपली तरी खाडिलकरांचे नाव राहतेच.

तिसरा प्रकार सर्वांत अलीकडचा. त्याचे नावही संगणकाच्या भाषेतून आले आहे. संगणक अडला म्हणजे आपण तो बंद करून पुन्हा सुरू करतो. तो मग पहिल्यापासून कामाला लागतो, आधी काय चालले होते त्याची आठवण ठेवीत नाही. याला 'रीबूट' म्हणतात. गोष्टींच्या जगातही असे करता येते. पात्र घ्यावयाचे, आणि जुन्या हकीकती पुसून त्याला नव्या काळात, नव्या कथेत पहिल्यापासून उभे करावयाचे. परदेशात स्पायडर-मॅनचे असेच झाले. २००२ च्या चित्रपटात त्याला कोळी चावला होताच. २०१२ च्या चित्रपटात तो पुन्हा एकदा, जणू पहिल्यांदाच, चावला!

आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'फास्टर फेणे'. भा. रा. भागवत यांनी निर्माण केलेला बनेश फेणे हा फुरसुंगीचा मुलगा. पुण्याच्या विद्याभवनात तो शिकतो, सायकलवरून सुसाट सुटतो, संकटात उडी घेतो आणि 'ट्टॉक' असा आवाज काढतो. त्याच्या पुस्तकांनी मराठी मुलांच्या कित्येक सुट्ट्या भरून काढल्या आहेत. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी त्याच्यावर चित्रपट काढला. त्यात अमेय वाघ यांनी रंगविलेला फेणे शाळकरी नाही. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला तरुण आहे. त्याच्या हाती मोबाईल आहे आणि त्याच्यासमोरचा गुन्हाही आजच्या काळातील परीक्षांच्या बाजाराचा आहे. भागवतांच्या एकाही पुस्तकाचे हे चित्ररूप नव्हे. परत आले ते नाव, तो 'ट्टॉक', आणि अन्याय दिसताच स्वस्थ न बसण्याचा त्याचा स्वभाव. रस्त्यावरच्या नव्या चेतकशी याचे नाते तुमच्या लक्षात आलेच असेल. फरक इतकाच, की स्कूटरला स्वभाव नसतो. पात्राला असतो, आणि तो हरवला तर नाव ठेवून उपयोग नाही. मग तो कोणीही एक तरुण होईल. या चित्रपटातील भागवतांची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली आहे. जुन्या चेटकिणीला आणि विदुराला आपण मघाशी भेटलो, तेच हे.

हे तीन प्रकार समजले म्हणजे सारा उलगडा झाला, असे मात्र समजू नका. काही कृती कोणत्याच खणात बसत नाहीत. 'एका लग्नाची गोष्ट' हे १९९८ चे नाटक. वीस वर्षांनी प्रशांत दामले व कविता लाड याच जोडीने 'एका लग्नाची पुढची गोष्ट' केले. येथे जुनी संहिता परत आली नाही, कथाही परत सांगितली नाही. ती पुढे चालू झाली. त्याला उत्तरकथा म्हणावे.

याहून अवघड प्रश्न आपल्या शेजारच्या देहूने उभा केला आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या मधून इंद्रायणी वाहते आणि तिच्या काठी देहू वसले आहे. तेथील तुकारामांवर पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३६ मध्ये 'संत तुकाराम' हा चित्रपट काढला. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक, आणि विष्णुपंत पागनीस हे तुकाराम. १९३७ मध्ये इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पुढे २०१२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'तुकाराम' काढला. त्यात जितेंद्र जोशी होते. मग दुसरा चित्रपट हा पहिल्याचा रिमेक काय? नव्हे. पहिल्या चित्रपटाने भाविकांच्या मनातील चमत्कार आणि शेवटचे वैकुंठगमन पडद्यावर दाखविले. दुसऱ्याने बालपण, संसार आणि दुष्काळात पोळलेला माणूस यांना मोठी जागा दिली. दोघांनीही एकमेकांकडून काही घेतले नाही. दोघेही एकाच इंद्रायणीवर आपापला घडा घेऊन गेले. तुकारामांचे चरित्र हे कोणा एका चित्रपटाचे धन नाही.

हरिश्चंद्राच्या कथेचेही तसेच. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या कामासाठी स्त्री मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाने ती भूमिका केली. १९३२ मध्ये प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला, तेव्हा तारामती झाल्या होत्या दुर्गा खोटे. एकोणीस वर्षांत केवढे अंतर पडले! परंतु या दोहोंच्या मध्ये आणखी एक हरिश्चंद्र आहे. १९१७ मध्ये स्वतः फाळक्यांनीच हा विषय पुन्हा चित्रित केला. म्हणजे आपल्या देशातील अगदी आरंभीच्या रिमेकपैकी एक त्यांच्याच हातून घडला.

१९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळे जपून ठेवली आहेत, मधली गेली. पुष्कळ वर्षे ती १९१३ ची मानली जात. अलीकडे काही अभ्यासक म्हणू लागले, की ही रिळे १९१७ ची आहेत. आता ते एकेक चौकट थांबवून पाहतात, त्यातील चेहरे आणि वेश तपासतात, आणि पडद्यावरचा हा राजा पहिला की दुसरा, याचा वाद घालतात.